एअर फ्रायरमध्ये भाज्यांचे कॅसरोल : गॅसवर शिजवावे, हवेत खरपूस करावे

मराठी घरात ‘कॅसरोल’ म्हटले की डोळ्यांसमोर प्रथम येतो तो पोळ्या गरम ठेवण्याचा, जाड झाकणाचा डबा. तसे पाहिले तर हा अर्थ अगदीच चुकीचा नाही, कारण मूळ फ्रेंच शब्दही भांड्याचाच आहे. त्या खोलगट भांड्यात जे शिजवले जाई त्यालाही पुढे तेच नाव पडले. या लेखातील कॅसरोल म्हणजे अर्धवट शिजवलेल्या भाज्या, त्यांना धरून ठेवणारा दुधाचा घट्ट सॉस आणि वर चीज व ब्रेडच्या चुऱ्याचा खरपूस थर. हॉटेलांच्या मेनूकार्डावर हाच पदार्थ ‘बेक्ड व्हेजिटेबल’ किंवा ‘ऑ ग्रातँ’ या नावांनी भेटतो.

फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात एअर फ्रायर बाजारात आणला तेव्हा त्याची ओळख कमी तेलात बटाट्याच्या फिंगर चिप्स करणारे यंत्र अशी होती, आणि बहुतेक घरांत त्याचा उपयोग अजूनही चिप्स, कटलेट आणि सामोसे एवढ्यापुरताच राहतो. त्यात भांडे ठेवून कॅसरोल करता येते, उत्तम होते आणि ओव्हनपेक्षा लवकर होते. मात्र त्यासाठी या यंत्राकडून काय करून घ्यायचे आणि काय नाही, हे आधी ठरवावे लागते. माझे पहिले कॅसरोल मी कच्च्या भाज्या सॉसमध्ये कालवून थेट आत ठेवले होते. दहाव्या मिनिटाला वरचे चीज तपकिरी झाले, पंधराव्या मिनिटाला काळे पडू लागले, आणि वाढून घेतले तेव्हा गाजराचा तुकडा दाताखाली कोशिंबिरीतल्यासारखा कुरकुरला. तळाशी पातळ पांढरे पाणी साचले होते ते वेगळेच. त्या दिवसापासून मी हिशोब बदलला : भाज्या गॅसवर शिजवायच्या, सॉस गॅसवर घट्ट करायचा, आणि एअर फ्रायरकडे फक्त शेवटचे काम सोपवायचे.

वरून आच, खालून काही नाही

एअर फ्रायरमध्ये तापणारी कॉइल छताशी असते आणि तिच्यावरचा पंखा गरम हवा वेगाने खाली ढकलतो. जाळीवर सुटे सुटे ठेवलेल्या चिप्सच्या भोवतीने आणि खालूनही ही हवा फिरते, म्हणून त्या चारी बाजूंनी कुरकुरीत होतात. भांडे ठेवले की हे गणित मोडते. भांड्याच्या तळाला हवेचा स्पर्श जेमतेम होतो, आणि उष्णतेचा मोठा भाग वरच्या पृष्ठभागावर येऊन आदळतो. शिवाय सॉस जितका घट्ट, तितकी त्यातून उष्णता सावकाश जाते. पाण्यात उकळी फुटली की गरम-गार पाणी आपोआप मिसळते, तसे घट्ट सॉसमध्ये होत नाही, तेथे उष्णता एका थरातून दुसऱ्या थरात हळूहळू झिरपते. त्यामुळे वर १८० अंशांची हवा वाहत असतानाही मधल्या गाजराला मऊ होण्याइतकी आच मिळायला बराच वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात दुधातील साखर व प्रथिने वरच्या थरात करपून जातात. भाज्या आधी शिजवून घेण्याचे आणि सगळे जिन्नस गरम असतानाच भांड्यात रचण्याचे कारण हेच आहे.

भांडे

खरेदीला जाण्यापूर्वी स्वयंपाकघरातच शोधावे. प्रेशर कुकरमध्ये वरण-भातासाठी वापरतो तो ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा सरळ कडांचा डबा या कामासाठी अत्यंत सोयीचा आहे, कारण पातळ धातू लवकर तापतो. केकचा ६ किंवा ७ इंचांचा गोल टिनही चालतो. चार लिटरच्या आसपासच्या टोपलीत साधारणपणे ७ इंचांचा, म्हणजे १८ सेंटिमीटर व्यासाचा टिन बसतो. परंतु अनेक टोपल्या खाली निमुळत्या होतात, म्हणून माप वरच्या काठाशी न घेता तळाशी घ्यावे. भांड्याच्या भोवती सर्व बाजूंनी किमान एक सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. ती राहिली नाही, तर हवा खाली उतरत नाही आणि कॉइलखालीच घोटाळत राहून वरचा थर जाळते. तसेच रचलेल्या पदार्थाचा वरचा पृष्ठभाग आणि कॉइल यांत चार-पाच सेंटिमीटर अंतर असावे.

काचेचे भांडे वापरायचे असेल तर ते बोरोसिलिकेट काचेचे आणि ओव्हनसाठी असल्याची खूण तळाशी असलेलेच हवे. जेवणाच्या टेबलावरचे साधे काचेचे बाऊल, मेलामाइनचे भांडे किंवा मायक्रोवेव्हसाठी चालणारा प्लास्टिकचा डबा येथे उपयोगाचा नाही. मायक्रोवेव्हमध्ये चालते ते एअर फ्रायरमध्येही चालेल हा समज अनेक डबे वितळवून बसला आहे.

खोल टोपलीतून तापलेले भांडे बाहेर काढणे हा एक स्वतंत्र प्रश्न आहे. सांडशीने धरले तर पातळ टिनची कड दबते आणि भांडे तिरपे होते. त्यावर उपाय असा : ॲल्युमिनियम फॉइलचा हातभर लांबीचा तुकडा घेऊन त्याच्या घड्या घालून दोन बोटे रुंदीची पट्टी तयार करावी, ती भांड्याच्या तळाखालून घालून दोन्ही टोके वर आणावीत आणि काठावर दुमडून ठेवावीत. काढताना हातमोजे किंवा जाड फडके घेऊन ही टोके धरली की भांडे सरळ वर येते.

साहित्य

चार जणांना जेवणात एक पदार्थ म्हणून, किंवा दोघांना पावासोबत पूर्ण जेवण म्हणून पुरेल असे हे प्रमाण आहे. आपल्याकडच्या वाट्यांचे आकार घरागणिक वेगळे असल्यामुळे मापे शक्य तेथे ग्रॅममध्ये दिली आहेत; मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर आणि छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर.

भाज्यांसाठी : फ्लॉवरचे तुरे १५० ग्रॅम, बटाटा १०० ग्रॅम, गाजर १०० ग्रॅम, फरसबी ७५ ग्रॅम, मटार ७५ ग्रॅम, एक मध्यम कांदा, अर्धी ढोबळी मिरची आणि परतण्यासाठी एक छोटा चमचा बटर.

सॉससाठी : बटर २५ ग्रॅम, मैदा २५ ग्रॅम (साधारण तीन मोठे चमचे, सपाट भरलेले), दूध ३०० मिलिलिटर, ताजी भरडलेली मिरी अर्धा छोटा चमचा, चिमूटभर किसलेले जायफळ आणि मीठ.

वरच्या थरासाठी : चीज ५० ग्रॅम, म्हणजे अमूलच्या चौकोनी वड्या घेतल्यास दोन, शिळ्या ब्रेडच्या दोन स्लाइस आणि एक मोठा चमचा वितळलेले बटर.

अमूलचे नेहमीचे पिवळे बटर खारे असते आणि चीजमध्येही मीठ असते. त्यामुळे सॉसमध्ये मीठ सर्वांत शेवटी, चव घेऊनच घालावे. पहिल्यांदा करणाऱ्यांचे कॅसरोल फसते ते बहुधा पाण्याने, आणि त्याखालोखाल मिठाने.

पाणी आधीच घालवावे

भाज्या चिरताना तुकडे सारखे असावेत हे कोणीही सांगते, परंतु येथे ‘सारखे’ याचा अर्थ शिजायला सारखे असा घ्यावा. बटाटा आणि गाजर यांच्या एक सेंटिमीटरच्या फोडी, फरसबीचे दोन सेंटिमीटरचे तिरके तुकडे आणि फ्लॉवरचे तुरे घासात मावतील एवढे, हे माप मला योग्य वाटते. फ्लॉवरचे तुरे चिरल्यावर मिठाच्या कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे बुडवून ठेवावेत. अळी असल्यास वर येते.

मोठ्या पातेल्यात दीड लिटर पाणी उकळत ठेवावे आणि त्यात दोन छोटे चमचे मीठ घालावे. पाणी खळखळ उकळू लागले की प्रथम बटाटा टाकावा. दोन मिनिटांनी गाजर आणि फरसबी टाकावी. आणखी दोन मिनिटांनी फ्लॉवर टाकावा, आणि त्यानंतर दोन मिनिटांनी सगळे चाळणीत ओतावे. अशा रीतीने एकाच पातेल्यात बटाट्याला सहा मिनिटे, गाजर-फरसबीला चार मिनिटे आणि फ्लॉवरला दोन मिनिटे मिळतात. ताजे मटार गाजरासोबत टाकावेत. फ्रीजरमधले मटार मात्र आधीच अर्धवट शिजवलेले असतात, ते नुसते चाळणीत ठेवून त्यांवर भाज्यांचे हे उकळते पाणी ओतले तरी पुरते. गाजराची फोड सुरीच्या टोकाने दाबून पाहावी. टोक शिरताना किंचित अडखळले पाहिजे. लोण्यात शिरावे तसे शिरले, तर भाजी जास्त शिजली आहे आणि ढवळताना तिचा लगदा होईल. याच कारणाने कुकरचा मोह टाळावा, कारण एका शिट्टीतही फ्लॉवरचा आकार उरत नाही. गाळलेले पाणी फेकू नये. सूपला किंवा कणीक भिजवायला ते उत्तम, मात्र त्यात मीठ आहे हे लक्षात ठेवावे.

आता या कृतीतील सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी. चाळणीतील भाज्या स्वच्छ सुती पंचावर एका थरात पसराव्यात आणि फ्लॉवरचे तुरे त्या पंचावरच डोके खाली, देठ वर असे उलटे ठेवावेत. फ्लॉवरच्या कळ्यांमध्ये पाणी स्पंजासारखे अडकून बसते; तुरा सरळ ठेवला तर ते तेथेच राहते आणि उलटा ठेवला तर पंचात उतरते. पाच मिनिटांनी तुरा उचलून पाहावा, खाली ओला गोल डाग उमटलेला दिसेल. तो डाग म्हणजेच एरवी भांड्याच्या तळाशी साचणारे पाणी.

भाज्या निथळत असताना कढईत एक छोटा चमचा बटर घालून उभा चिरलेला कांदा पारदर्शक होईपर्यंत परतावा आणि शेवटच्या मिनिटभर त्यात ढोबळी मिरचीचे तुकडे घालावेत. मशरूम घालायचे असतील तर ते याच टप्प्यावर, परंतु कांद्याच्या आधी आणि मोठ्या आचेवर परतावेत. त्यांना सुटलेले पाणी पूर्ण आटून कढईतला आवाज फसफसण्यावरून चरचरण्यावर आला की ते तयार झाले असे समजावे. पालक वाफवून, मुठीत दाबून पिळून घेतल्याशिवाय घालू नये. दुधी आणि झुकिनी यांना मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवावे व पिळावे. टोमॅटो मात्र या प्रकारच्या कॅसरोलमध्ये घालूच नये. त्याला पाणी सुटतेच, शिवाय त्याच्या आंबटपणाने दुधाचा सॉस फुटण्याची शक्यता असते.

सॉस : पिठल्याचा अनुभव येथे कामी येतो

व्हाइट सॉसला घाबरणारे पुष्कळ लोक भेटतात, आणि तेच लोक एरवी डोळे मिटून गुठळीविना पिठले करतात. दोन्हींतील तत्त्व एकच आहे : पिठाचे कण एकमेकांना चिकटण्यापूर्वी सुटे करायचे. पिठल्यात आपण एक तर पीठ पाण्यात कालवून घेतो किंवा पेरत पेरत ढवळतो. व्हाइट सॉसमध्ये हे काम बटर करते, कारण मैद्याच्या प्रत्येक कणाभोवती स्निग्धतेचा पातळ थर बसला की ते कण दुधात सुटे सुटे उतरतात.

जाड बुडाच्या पातेल्यात २५ ग्रॅम बटर मंद आचेवर वितळवावे. ते वितळून फेसाळले की मैदा एकदम घालून लाकडी चमच्याने ढवळत राहावे. पहिल्यांदा ओलसर गोळा होतो, मग तो सैल होऊन त्यात बारीक बुडबुडे येऊ लागतात. दीड ते दोन मिनिटांत कच्च्या पिठाचा वास जाऊन नानकटाई भाजताना येतो तसा हलका गोड वास येतो. येथे थांबावे. बेसनाच्या लाडवांसाठी पीठ भाजण्याची सवय असलेला हात पुढे भाजत राहतो. तसे केले तर रंग बदलतो आणि भाजलेल्या पिठाची घट्टपणा देण्याची ताकदही कमी होते.

पातेले आचेवरून उतरवून त्यात फ्रीजमधले थंड किंवा खोलीच्या तापमानाचे दूध घालावे, पण एकदम नाही. प्रथम पाव वाटी घालून वायरच्या व्हिस्कने किंवा घरातल्या लहान रवीने घुसळून गुळगुळीत लापशी करावी, मग आणखी तेवढेच, आणि नंतर उरलेले सगळे. पातेले पुन्हा मध्यम आचेवर ठेवून तळ खरवडत ढवळत राहावे. तीन-चार मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते, आणि मग उकळी जवळ आली की सॉस अचानक दाट होतो. त्याला उकळी येऊ द्यावी, कारण मैद्यातील स्टार्च तेव्हाच पूर्णपणे फुलतो आणि पिठूळ चव जाते. उकळीनंतर दोन मिनिटे मंद आचेवर ठेवावे. चमचा बुडवून उलटा धरावा व त्याच्या पाठीवरून बोटाने रेघ ओढावी. रेघ तशीच राहिली, वरचा सॉस ओघळून ती बुजली नाही, म्हणजे घट्टपणा योग्य आहे. तरीही गुठळ्या झाल्याच तर सॉस गाळणीतून गाळून घ्यावा, त्यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही.

गॅस बंद केल्यावर मिरी, जायफळ आणि निम्मे चीज किसून घालावे. चीज घालून सॉस उकळू नये, कारण जास्त आचेवर चीजमधील प्रथिने आकसतात आणि सॉस रवाळ होतो. प्रोसेस्ड चीजच्या बाबतीत हा धोका कमी असतो. त्यातील विशिष्ट क्षारांमुळे ते तूप न सोडता एकजीव वितळते, म्हणून सॉससाठी मी तेच वापरते. तार येण्याची हौस असेल तर वरच्या थरात मोझरेला घ्यावे. शेवटी चव पाहून मीठ घालावे.

मैदा नको असल्यास तांदळाचे पीठ त्याच प्रमाणात वापरता येते. सॉस थोडा कमी रेशमी होतो इतकेच. कॉर्नफ्लोअर वापरल्यास ते मैद्याच्या निम्मे पुरते, आणि ते बटरमध्ये न भाजता थोड्या थंड दुधात कालवून उकळत्या दुधात घालावे. ज्वारीच्या पिठाचाही सॉस होतो, परंतु त्याला स्वतःची चव आणि किंचित खरखरीतपणा असतो. त्यासोबत जायफळाऐवजी लसूण आणि हिरवी मिरची अधिक शोभते.

रचना आणि भाजणे

ब्रेडच्या स्लाइस हाताने किंवा मिक्सरमध्ये भरड करून त्यात वितळलेले बटर नीट चोळावे. हे बटर चवीसाठी आहेच, पण त्याहून अधिक ते वजनासाठी आहे. कोरडा चुरा पंख्याच्या झोताने उडतो, कॉइलला जाऊन चिकटतो आणि जळतो. मग पुढचे चार दिवस प्रत्येक पदार्थाला करपट वास येतो. चीजची स्लाइसही अशीच उडते. म्हणून क्रम असा ठेवावा की चीज खाली आणि बटरने जड झालेला चुरा वर.

भांड्याला आतून बटरचा हात लावावा. भाज्या, परतलेला कांदा व ढोबळी मिरची गरम सॉसमध्ये घालून हलक्या हाताने कालवावे आणि भांड्यात ओतून सपाट करावे. थराची जाडी चार सेंटिमीटरच्या आसपास असावी आणि वर काठापर्यंत दीड सेंटिमीटर जागा उरावी, नाही तर उकळलेले दूध बाहेर येऊन टोपलीत जळते. वर उरलेले चीज किसून पसरावे, त्यावर चुरा घालून तळहाताने किंचित दाबावे.

एअर फ्रायर १६० अंश सेल्सियसवर तीन मिनिटे रिकामा तापवावा. रिकामा म्हणजे खरोखर रिकामा. तापवताना आत नुसता बटर पेपर किंवा फॉइल ठेवली, तर ती वर खेचली जाऊन कॉइलला चिकटू शकते. भांड्यावर फॉइल लावून तिच्या कडा काठाखाली घट्ट मुडपाव्यात. नुसती वर ठेवलेली फॉइल टिकत नाही. माझी पहिली फॉइल आत शिरताच फडफडत वर जाऊन बसली होती आणि तो आवाज ऐकून यंत्रच बिघडले असे मला वाटले होते. फॉइल फक्त भांड्यापुरती असावी, तिने टोपली झाकली जाऊ नये.

१६० अंशांवर झाकून आठ ते दहा मिनिटे ठेवावे. या वेळात मधला भाग गरम होतो आणि भाज्या सॉसची चव घेतात. नंतर टोपली ओढून फॉइल काढावी. काढताना पलीकडची कड आधी उचलावी, म्हणजे वाफ अंगावर येत नाही. आता तापमान १८० अंशांवर नेऊन पाच ते सात मिनिटे उघडे भाजावे आणि चौथ्या मिनिटापासून दर मिनिटाला टोपली ओढून पाहावे. यंत्रायंत्रांत फरक असतो आणि शेवटच्या दोन मिनिटांत रंग फार झपाट्याने चढतो. पंखा एका बाजूला जास्त आच देतो असे दिसले तर भांडे अर्धा फेरा फिरवावे.

झाले की नाही हे कडेवरून कळते. सुरुवातीला काठाशी बारीक, पाणीदार, भराभर फुटणारे बुडबुडे दिसतात. पदार्थ तयार होत आला की तेथे पिठले रटरटते तसा एखादा जाड बुडबुडा सावकाश वर येऊन फुटतो. खात्रीसाठी सुरीचे पाते मधोमध तळापर्यंत घालून दहा सेकंद ठेवावे आणि काढून मनगटाजवळ न्यावे. पाते चांगले तापलेले असले पाहिजे. कोमट लागले तर फॉइल परत लावून १६० अंशांवर आणखी चार-पाच मिनिटे द्यावीत.

बाहेर काढल्यावर लगेच वाढू नये. आठ-दहा मिनिटे थांबले की सॉस घट्ट होतो आणि चमच्याने काढलेला भाग आपला आकार धरतो. ही दहा मिनिटे धीर धरणे घरातल्या मुलांना जमत नाही, आणि खरे तर मलाही क्वचितच जमते. सोबत १८० अंशांवर दोन मिनिटे गरम केलेला लादी पाव उत्तम. आमच्याकडे सासूबाईंनी पहिला घास घेऊन ‘हे तर दुधातले पिठले’ असा निर्णय दिला आणि दुसऱ्यांदा वाढून घेताना पोळी मागितली. पोळीसोबतही ते चांगले लागते, हे मला मान्य करावे लागले.

वेळेचा आणि विजेचा खरा हिशोब

या पदार्थाला झटपट म्हणतात, पण चिरण्यापासून मोजले तर पाऊण तास लागतोच. त्यातील एअर फ्रायरचा भाग सुमारे वीस मिनिटांचा आहे. ओव्हन किंवा ओटीजीला तापायलाच दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि नंतर अर्धा तास, म्हणजे बचत होते ती या टोकाला. संध्याकाळी घाई असेल तर भाज्या आदल्या रात्री चिरून, उकळून, कोरड्या करून डब्यात फ्रीजमध्ये ठेवाव्यात. मग खरोखरच अर्ध्या तासात पदार्थ टेबलावर येतो. या भाज्या थंड असल्यामुळे त्या गरम सॉसमध्ये दोन मिनिटे गॅसवरच गरम करून घ्याव्यात. पूर्ण रचलेले भांडे फ्रीजमध्ये ठेवले असेल तर झाकून ठेवण्याची वेळ सहा-सात मिनिटांनी वाढवावी. ते काचेचे असेल तर अर्धा तास बाहेर ठेवावे आणि न तापवलेल्या एअर फ्रायरमध्ये घालून मग यंत्र सुरू करावे, कारण थंड काच एकदम गरम हवेत गेली तर तडकू शकते.

बाजारातील सामान्य एअर फ्रायर १४०० ते १५०० वॅटचे असतात. १५०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअरपर्यंत वीज ओढते, म्हणून मोबाइल चार्जरच्या ६ अँपिअरच्या प्लगवर किंवा स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डवर ते लावू नये. फ्रीज-गीझरला असतो तसा १६ अँपिअरचा पॉइंट वापरावा. वीस मिनिटे कॉइल सतत चालू राहिली असे धरले तरी अर्धे युनिट होते, आणि ती मधूनमधून बंद होत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी.

ओव्हनसाठी लिहिलेली दुसरी एखादी कृती एअर फ्रायरमध्ये करायची असेल तर तापमान २० अंशांनी आणि वेळ सुमारे पाव हिश्शाने कमी करून सुरुवात करावी.

बिघडले तर

तळाशी पाणी दिसले तर भाज्या निथळल्या नव्हत्या. वाढण्यापूर्वी भांडे तिरपे करून ते पाणी चमच्याने काढून घ्यावे आणि उघडेच १६० अंशांवर पाच मिनिटे ठेवावे. चुरा जास्त भाजला पण आतला भाग गार आहे, असे झाल्यास जळलेला थर खरवडून टाकावा, फॉइल लावून आत गरम करावे आणि शेवटी नवा चुरा घालून तीन मिनिटे भाजावे. कोणाला कळतही नाही. सॉस फारच घट्ट, खळीसारखा झाला तर भांड्यात रचण्यापूर्वीच दोन-तीन मोठे चमचे गरम दूध घालून सैल करावा, कारण भाजताना तो आणखी आटणार असतो.

जैन पद्धतीने करायचे असेल तर कांदा, बटाटा, गाजर वगळून कच्च्या केळ्याच्या उकडलेल्या फोडी, मक्याचे दाणे, फरसबी आणि मटार घ्यावेत. केळे सालासकट उकडावे आणि मग सोलून चिरावे, म्हणजे फोडी फुटत नाहीत. मक्याचे दाणे स्वतः गोड असल्यामुळे तेव्हा मिरी थोडी वाढवावी.

टोपलीत सांडलेले चीज गरम असताना घासू नये. टोपली पूर्ण गार झाल्यावर त्यात गरम पाणी आणि भांड्यांचा द्रव साबण घालून वीस मिनिटे ठेवावी आणि मऊ स्पंजने पुसावी; तारेच्या घासणीने नॉन-स्टिकचा थर निघतो. कॉइलवर उडालेला चुरा प्लग काढून, यंत्र गार असताना, मऊ ब्रशने झटकावा.

उरलेले कॅसरोल फ्रीजमध्ये झाकून ठेवून दोन दिवसांत संपवावे. गरम करताना १६० अंशांवर झाकून आठ मिनिटे पुरतात, परंतु माझ्या घरी ते क्वचितच पुन्हा गरम होते. फ्रीजमध्ये ते वडीसारखे घट्ट बसते. सकाळी त्याचे चपटे गोळे करून रव्यात घोळवावेत, दोन्ही बाजूंना तेलाचा हात लावावा आणि २०० अंशांवर दहा मिनिटे, मध्ये एकदा उलटून, ठेवावेत. डब्यात द्यायचे कटलेट तयार होतात.